मायानगरीची खुर्ची, सोलापूरचा प्रेक्षक

२६ मे २०२३ रोजी ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ या राजकीय मालिकेचा तिसरा सीझन हॉटस्टारवर आला. गोष्ट सुरू होते तेव्हा राज्याची मुख्यमंत्री बेपत्ता आहे. बॉम्बस्फोटात पोटचा मुलगा गेल्यानंतर पौर्णिमा गायकवाड कुणालाही न सांगता निघून गेली आहे आणि वसीम खान हा तिचा विश्वासू पोलीस अधिकारी तिचा माग काढत परदेशात पोचतो. इतर राज्यांतल्या प्रेक्षकांना ही सुरुवात धाडसी वाटली असेल. सोलापूर जिल्ह्यातल्या प्रेक्षकांना ती ओळखीची वाटली. सत्तेतली माणसं रातोरात गायब होतात, फोन लागत नाहीत, कोण कुठल्या हॉटेलात आहे याचा पत्ता बातम्यांतून लागतो, हे सगळं त्यांनी आदल्याच वर्षी पाहिलं होतं. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. त्यांत सांगोल्याचे शहाजीबापू पाटीलही होते. तिथून त्यांनी आपल्या कार्यकर्त्याशी फोनवर केलेलं बोलणं बाहेर आलं आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे शब्द राज्यभर गाजले. त्यांची गाणी झाली, ती वरातीत वाजली, मुलांच्या तोंडी बसली. अख्ख्या राज्याचं त्या आठवड्यातलं मनोरंजन सांगोल्याच्या बोलीत झालं.

म्हणून तिसऱ्या सीझनबद्दल सोलापुरात जे बोललं गेलं, त्याचा पहिला सूर कौतुकाचाही नव्हता आणि टीकेचाही नव्हता. तो तुलनेचा होता. मालिका चांगली आहे, पण आपल्याकडे याहून जास्त घडतं, असा तो सूर.

त्या उन्हाळ्याचं वेळापत्रक

ही तुलना किती रास्त होती, हे कळायला त्या उन्हाळ्याच्या तारखा ओळीनं मांडाव्या लागतात. २ मे २०२३ रोजी मुंबईत आपल्या राजकीय आत्मकथेच्या प्रकाशनातच शरद पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. सभागृहात कार्यकर्ते रडले, आणि ५ तारखेला तो निर्णय मागे घेतला गेला. ११ मे रोजी शिवसेनेच्या फुटीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. २६ मे रोजी मालिका आली. १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेसनं सुप्रिया सुळे आणि प्रफुल्ल पटेल यांना कार्याध्यक्ष नेमलं. २ जुलैच्या रविवारी दुपारी अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि तोही पक्ष दुभंगला. मालिकेच्या प्रीमियरला तेव्हा जेमतेम ३७ दिवस झाले होते.

वय झालेला पुढारी, त्याची खुर्ची, तिचा वारस कोण, घरातच पडलेली फूट: मालिकेचा जो मूळ विषय, तोच वर्तमानपत्रांचा पहिल्या पानाचा विषय होता. मालिकेच्या लेखकांनी तो २०१९ पासूनच धरला होता. नागेश कुकुनूर यांनी रोहित बनवलीकर यांच्यासोबत लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या या मालिकेचा पहिला सीझन ३ मे २०१९ रोजी आला, लोकसभेच्या निवडणुका चालू असताना. महाराष्ट्रातलं मतदान तेव्हा चारच दिवसांपूर्वी, २९ एप्रिलला संपलं होतं. सोलापूरनं १८ एप्रिललाच मतदान उरकलं होतं आणि निकालाला अवकाश होता. मतमोजणीची वाट पाहणाऱ्या त्या मधल्या दिवसांत अमेयराव गायकवाड नावाच्या पुढाऱ्यावर गोळीबार होतो, तो बेशुद्धीत जातो आणि त्याचा मुलगा आशिष व मुलगी पौर्णिमा यांच्यात वारशाची लढाई सुरू होते, ही गोष्ट लोकांनी पाहिली.

मालिका काल्पनिकच होती. पण पक्ष, घराणं आणि माणसं यांचं जे रसायन तिनं मांडलं, ते पुढच्या चार वर्षांत राज्यानं उघड्यावर पाहिलं. नोव्हेंबर २०१९ मधला पहाटेचा शपथविधी, २०२२ ची फूट, २०२३ ची फूट. त्यामुळे प्रत्येक सीझनबरोबर प्रेक्षकांची अपेक्षा चढत गेली आणि दर वेळी बातम्यांनी मालिकेला मागे टाकलं.

हरीभाई देवकरणचे दोन विद्यार्थी

सोलापुरात या मालिकेकडे आपुलकीनं पाहिलं जाण्याचं एक साधं कारण आहे. अमेयराव गायकवाड साकारणारे अतुल कुलकर्णी हे सोलापूरचे. जन्म बेळगावचा, पण शाळा सोलापूरची, हरीभाई देवकरण प्रशाला. पुण्यात अभियांत्रिकीचं शिक्षण अर्धवट सोडून ते परत आले, इथल्या नाट्य आराधना या हौशी संस्थेत रमले, आणि मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९९५ मध्ये बाहेर पडले. ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांची प्रायोगिक आणि स्पर्धेतली नाटकं हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाच्या गावानं पाहिलेली. त्यामुळे अमेयराव चाकाच्या खुर्चीत बसून नुसत्या नजरेनं समोरच्याला गार करतो, तेव्हा इथल्या जुन्या नाट्यवेड्यांना त्यात रंगमंचावरची शिस्त दिसते. संवाद संपल्यावरही पात्र संपत नाही, हे त्यांनी या नटाच्या कोवळ्या वयात पाहिलं होतं.

याच शाळेचे दुसरे विद्यार्थी डॉ. जब्बार पटेल. जन्म पंढरपूरचा, शिक्षण सोलापुरात, पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात. मराठीतला राजकीय सिनेमा म्हटलं की ज्या दोन नावांपाशी आपण थांबतो, ते ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे दोन्ही चित्रपट त्यांचे. दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. ‘सामना’त निळू फुले यांचा हिंदूराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आहे आणि डॉ. श्रीराम लागू यांचे मास्तर त्याला एकच प्रश्न विचारत राहतात. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं, हा तो प्रश्न. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात तो प्रश्न कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.

‘सिंहासन’ १९७९ चा. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरचा. मुख्यमंत्री जिवाजीराव म्हणजे अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची हलवणारे विश्वासराव दाभाडे म्हणजे श्रीराम लागू, आणि हे सारं जवळून पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. चित्रीकरणासाठी खुद्द मंत्रालय आणि विधानभवन खुलं झालं, ते शरद पवार मुख्यमंत्री असताना. पवारांचं ते पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार १९७८ मध्ये दुसरं सरकार पाडूनच आलं होतं. त्या मंत्रिमंडळात सोलापूर जिल्ह्यातून सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. त्यांच्याकडे पुढे यायचंच आहे.

हा कोण, तो कोण

राजकीय मालिका पाहताना आपण सगळेच एक काम करतो. पात्राच्या मागचा खरा पुढारी शोधतो. ‘सिंहासन’च्या वेळी हे झालं, ‘झेंडा’ या चित्रपटाच्या वेळी झालं, ‘सिटी ऑफ ड्रीम्स’च्या प्रत्येक सीझनला झालं. हा साहेब म्हणजे अमका, सचिन पिळगावकरांचा जगदीश म्हणजे तमका. सोलापुरात या शोधाला तालुक्याची धार येते. मुंबईकर राज्यपातळीवरची नावं घेतो. इथला प्रेक्षक अकलूज, माढा, बार्शी, मंगळवेढा, पंढरपूर अशी जागा नेमून पात्र बसवतो. काका-पुतणे, सख्खे भाऊ, मेहुणे, एका घरात दोन पक्ष, सकाळी एका झेंड्याखाली आणि संध्याकाळी दुसऱ्या, हे सगळं त्याच्या रोजच्या ऐकण्यातलं असतं. कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल कसं बांधतात, सभासदांच्या याद्या कशा फिरतात, दूध संघाच्या आणि जिल्हा बँकेच्या संचालकपदासाठी किती जुन्या भांडणांवर पाणी सोडलं जातं, हे त्याला लेखकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

म्हणून त्याच्या तक्रारी मुद्द्याच्या असतात. मालिकेत खुर्चीसाठी गोळ्या झाडल्या जातात, पण संख्याबळ कुणी मोजत नाही. कोणाकडे किती आमदार, कोणत्या आमदाराची कोणती अडचण, कोणाच्या कारखान्याला थकहमी हवी आहे, कोणाची चौकशी लागली आहे, हे तपशील येत नाहीत. खऱ्या राजकारणात रक्त क्वचित सांडतं आणि कागद रोज हलतो. शिव्या वगळल्या असत्या तर घरात सगळ्यांसोबत पाहता आलं असतं, अशीही एक तक्रार आहे, आणि ती म्हाताऱ्यांची नाही. घरात एकच मोठा टीव्ही असलेल्या कुटुंबाची ती खरी अडचण आहे. मग मालिका टीव्हीवरून मुलाच्या मोबाइलवर जाते आणि तिच्यावरची चर्चा घराबाहेर पडते.

पात्रात पुढारी शोधण्याचा हा खेळ निरुपद्रवी वाटतो. जगात एका ठिकाणी तो उलटा खेळला गेला. युक्रेनमध्ये व्होलोदिमिर झेलेन्स्की या विनोदी नटानं ‘लोकांचा सेवक’ या मालिकेत शाळामास्तराचा राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस रंगवला. तिचा तिसरा सीझन मार्च २०१९ अखेर, खऱ्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीच्या तोंडावर दाखवला गेला, आणि एप्रिलमध्ये तोच नट ७३ टक्के मतं घेऊन खरोखर राष्ट्राध्यक्ष झाला. प्रेक्षक आणि मतदार ही एकच माणसं असतात, याचा एवढा ठळक पुरावा दुसरा नाही. पडद्यावर काय दाखवलं जातं आणि आपण ते कसं पाहतो, याला म्हणूनच महत्त्व आहे.

पौर्णिमा आणि बिडीचं सूप

सोलापूरच्या पूर्वभागात दुपारी एखाद्या घरात गेलं तर दारातच बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली दिसते. सुपात तंबाखू, भिजवून मऊ केलेली आणि मापात कापलेली तेंदूची पानं, दोऱ्याची गुंडी. पान उचललं, तंबाखू भरली, वळलं, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला. पहिली बिडी बाजूला पडते तेव्हा दुसरं पान बोटांत आलेलं असतं. या कामाला तिला डोळे लागत नाहीत. डोळे समोर असतात, टीव्हीवर किंवा भिंतीला टेकवलेल्या मोबाइलवर. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं मिळते, म्हणून हात थांबवून पाहायची चैन नाही. तेलुगू वाहिन्या, मराठी मालिका, हिंदी मालिका, सगळं हातांच्या चालीवर पाहिलं जातं. दुपारी मालिका पाहणारा हा सोलापुरातला मोठा वर्ग आहे आणि मालिकेवर लिहिणारे त्याला कधी विचारत नाहीत.

प्रिया बापट यांची पौर्णिमा बायकांना भावली, ती मुख्यमंत्री झाली म्हणून नव्हे. बाप मुलाकडे पाहतो आणि मुलीकडे पाहत नाही, हे पहिल्या सीझनमधलं दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं. कुवत तिच्यात, गादी मात्र त्याला. पुढे ती जे करते ते सगळं पटण्यासारखं नाही. वारशाच्या त्या लढाईत भावाचा जीव जातो. पण ती तिथवर का आली, हे मालिकेनं दाखवलं. दुसऱ्या सीझनमध्ये मुलगी खुर्चीवर आणि बाप ती खुर्ची परत मिळवायला निघालेला, हा उलटा सामना झाला, आणि तिसऱ्यात तर आई म्हणून कोसळलेली बाई पुन्हा राज्यकारभाराला कशी उभी राहते, हा प्रश्न आला. महाराष्ट्र राज्य १९६० साली झालं. आजवर या राज्याला एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. पडद्यावर मिळाली, प्रत्यक्षात नाही.

२०१९ मध्ये याच भूमिकेवरून जे झालं ते विसरता येत नाही. मालिकेतल्या एका चुंबनदृश्याचा तुकडा कापून मोबाइलवर फिरवला गेला आणि प्रिया बापट यांना नको नको ते ऐकून घ्यावं लागलं. ज्यांनी एकही भाग पाहिला नव्हता त्यांनीही तो तुकडा पाहिला. त्याच मालिकेत खून होते, पैशांच्या थैल्या होत्या, सत्तेसाठी विकली जाणारी माणसं होती. त्यांवर एवढा गदारोळ झाला नाही. आपल्या समाजाला कशाचा धक्का बसतो आणि कशाचा बसत नाही, याचं ते चित्र होतं, आणि ते लाजिरवाणं आहे.

पुढाऱ्याची मुलगी हा विषय निघाला की सोलापुरात बोलणं साहजिकच शिंदे घराण्याकडे वळतं. सुशीलकुमार शिंदे या शहराचे, न्यायालयातल्या शिपायाच्या नोकरीपासून मुख्यमंत्रिपदापर्यंत आणि देशाच्या गृहमंत्रिपदापर्यंत गेलेले. लोकसभेला ते २०१४ आणि २०१९ मध्ये सोलापुरातच हरले. २०२४ मध्ये त्याच मतदारसंघातून प्रणिती शिंदे सुमारे ७४ हजार मतांनी निवडून आल्या. मालिकेशी ही तुलना लोक करतात, पण ती एका जागी अडते. पौर्णिमा दहा भागांत घरातून मुख्यमंत्र्याच्या दालनात पोचते. प्रणिती शिंदे त्याआधी २००९, २०१४ आणि २०१९ अशा तीन विधानसभा निवडणुका शहर मध्यमधून लढल्या आणि जिंकल्या. वारसा होताच, तो नाकारण्याचं कारण नाही. पण दर पाच वर्षांनी त्या वारशाला मतपेटीसमोर उभं राहावं लागलं. मालिकेत हा भागच गाळलेला असतो. तिथे वारसदार ठरतो आणि लोक टाळ्या वाजवायला येतात.

३० जुलै २०२१

मालिकेचा दुसरा सीझन ३० जुलै २०२१ रोजी आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतरचे दिवस, राज्यातली चित्रपटगृहं बंद, लोक घरात. त्या शुक्रवारी रात्री सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात गणपतराव देशमुख गेले. वय ९४.

शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव सांगोल्यातून पहिल्यांदा १९६२ मध्ये निवडून आले आणि अकरा वेळा आमदार झाले. दोनदा हरले, १९७२ मध्ये आणि १९९५ मध्ये. दोनदा मंत्री झाले. पक्ष लहान होत गेला, सरकारं आली-गेली, त्यांनी पक्ष सोडला नाही. एसटीनं प्रवास करणारा आमदार म्हणून राज्यभर त्यांचं नाव होतं. दुष्काळी तालुक्यात त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती चालवून दाखवली. पाण्याच्या प्रश्नावर ते विधानसभेत दशकानुदशकं बोलत राहिले.

त्या दिवशी अमेयरावांची गोष्ट पुढे काय होते हे पाहायला लोक बसले होते आणि इकडे अमेयरावांच्या अगदी उलट आयुष्य जगलेला माणूस निघून गेला. मराठी राजकीय नाट्याची उणीव मला इथे सगळ्यात जास्त दिसते. कपट रंगवण्यात आपण तरबेज झालो आहोत. साठ वर्षं एकाच पक्षात, एकाच तालुक्यात, एकाच प्रश्नाला धरून राहणं, यातही तेवढंच नाट्य आहे. लहान पक्षाचा आमदार कसा टिकतो, त्याला किती वेळा आमिष दाखवलं जात असेल, हरल्यावर दुसऱ्या दिवशी तो कुठे जातो, दुष्काळात त्याच्या दारात कोण येऊन बसतं? ही गोष्ट अजून कुणी पडद्यावर आणलेली नाही.

मालिका मुंबईची आहे, तिचं शीर्षकच मुंबईचं आहे, हे मान्य. पण मुंबईतली खुर्ची ज्या खांद्यांवर उभी असते ते खांदे तालुक्यांतले असतात. मुख्यमंत्री पौर्णिमा गायकवाडच्या राज्यात प्यायच्या पाण्याचं काय, कापसाचा भाव काय, ऊसबिलं थकली आहेत का, हे प्रेक्षकाला कळत नाही. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात असूनही सोलापूर शहरानं वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी भरलं. नळाला पाणी आलं की घरातली कळशी, बादली, पिंप, सगळं भरून ठेवायचं आणि त्या दिवशी बाकी सगळी कामं मागे सारायची, हे इथल्या बाईचं वेळापत्रक. सत्तेचा अर्थ तिला नळावर कळतो. त्या नळापर्यंत पोचणारी राजकीय मालिका तिला आपली वाटेल.

इथल्या गोष्टी

अशा मालिकेसाठी साहित्य कमी नाही. तिसऱ्या सीझननंतर तीनच आठवड्यांनी, १५ जून २०२३ रोजी, सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी पाडण्यात आली. विमानतळाच्या मार्गात ती येत होती. एका बाजूला विमानसेवा मागणारं शहर, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे सभासद शेतकरी आणि कामगार. मधे कित्येक वर्षांची आंदोलनं, न्यायालयातल्या तारखा, पोलिसांचा बंदोबस्त. काही सेकंदांत चिमणी खाली आली. ज्याला विमान हवं होतं त्यानं जल्लोष केला, ज्याचा ऊस त्या कारखान्यात जात होता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोघेही एकाच शहराचे होते. त्यानंतर दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, गोव्याचं विमान सुरू झालं. कोण बरोबर, कोण चूक, हे एका वाक्यात सांगता येत नाही. चांगल्या राजकीय नाटकाला लागतं ते हेच.

दुसरी गोष्ट माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीची. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालात आपल्या गावची मतं जुळत नाहीत, असं गावकऱ्यांच्या एका गटाला वाटलं. त्यांनी ३ डिसेंबरला स्वखर्चानं मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही, गुन्हे दाखल झाले. मग राज्यभरातले पुढारी त्या लहान गावात येऊन गेले. त्यांची शंका बरोबर होती की नव्हती, यावर मतभेद आहेत आणि ते राहतील. पण या गोष्टीचा नायक मतदार आहे. खुर्चीवर कोण बसणार याहून, मी दिलेलं मत मला दिसलं पाहिजे, हा त्याचा आग्रह आहे. आपल्या राजकीय मालिकांत मतदार गर्दीच्या दृश्यापुरता असतो. मारकडवाडीत तो संवाद बोलतो.

मालिका लिहिणाऱ्यांना म्हणून मनापासून सांगावंसं वाटतं, की या. सोलापुरात या, सांगोल्यात या, कारखान्याच्या वार्षिक सभेला बसा, बाजार समितीच्या मतमोजणीला थांबा. इथे चार भाषा बोलणारा प्रेक्षक आहे, त्यानं ‘सामना’ पाहिला आहे आणि ‘सिंहासन’ही. त्याला फसवता येणार नाही, पण खरं दाखवलंत तर तो डोक्यावर घेईल.

आणि प्रेक्षकाला, म्हणजे आपल्या सगळ्यांना, एक सांगायचं आहे. गुवाहाटीचा फोन ऐकून आपण सगळे हसलो. त्या हसण्यात, आपण निवडून दिलेलं सरकार पडतंय की टिकतंय, हा प्रश्न मागे पडला. पक्षफुटीकडे आपण पुढच्या भागासारखं पाहू लागलो, आता कोण जाणार याची उत्सुकता वाटू लागली आणि का जाणार हे विचारायचं राहून गेलं. मालिकेत हे चालतं, तिथे आपलं काही जात नाही. विधानसभेत आपलं मत जातं.

सांगोल्यानं हा फरक ओळखला. २०१९ मध्ये शहाजीबापू पाटलांनी गणपतरावांच्या नातवाला, अनिकेत देशमुखांना, हजारापेक्षाही कमी मतांनी हरवलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये, गुवाहाटीच्या त्या गाजलेल्या फोननंतरच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत, सांगोल्यानं शेतकरी कामगार पक्षाचे डॉ. बाबासाहेब देशमुख, गणपतरावांचेच दुसरे नातू, यांना सुमारे २५ हजार मतांनी निवडून दिलं. फोनवर सगळं राज्य हसलं होतं. मत द्यायची वेळ आली तेव्हा त्या तालुक्यानं आपला हिशेब वेगळा केला.